बल्बचं सोवळं

हौशी संगणकवाल्याचा स्मार्ट बल्बवर काडीचा विश्वास नसतो. तरी तो विकत घेतो आणि मग त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या विभागात, टाकतो. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरासारखंच, बल्बने लॅपटॉपच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. ८०२.१क्यू मानकात टॅगमधल्या विभाग-क्रमांकाला १२ बिट आहेत, म्हणजे वापरण्याजोगे ४०९४ विभाग. दोन खोल्यांच्या फ्लॅटला पुरावेत.

पण बल्बवर हुकूम चालवणारं व्हर्च्युअल मशीनही त्याच विभागात हवं. व्हर्च्युअलबॉक्स त्याला आपणहून नॅटमागे बसवतं, बहुधा १०.०.२.१५ असा पत्ता देऊन. बल्बच्या लेखी ते अस्तित्वातच नाही. मग ब्रिज करा, टॅग लावा, स्विचचा पोर्ट ट्रंक करा. हे वायफायवरून करू पाहणाऱ्याचे हाल तर कुत्रा खात नाही, कारण अ‍ॅक्सेस पॉइंट सहसा एका जोडणीमागे एकच मॅक पत्ता चालवून घेतो. टॅगचा आकडा चुकला तर मशीन सुरू, नेटवर्क गायब, आणि तक्रारीचा संदेश कुठेच नाही.

अखेर सगळं जुळतं.

फक्त प्रिंटरही त्याच विभागात गेलेला असतो. त्याला हुडकणारे एमडीएनएसचे पुकारे विभागाची वेस ओलांडत नाहीत. त्यासाठी रिफ्लेक्टर बसवावा लागतो, तो पुढच्या रविवारी. तोवर मुलांचे प्रोजेक्ट कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे, पेनड्राइव्हवरून.