सदर बेडूक: पालन व देखभाल (सोलापूर शहर हद्दीपुरते)

प्रस्तुत मार्गदर्शिका सोलापूर शहर हद्दीत ज्यांच्या घरी नुकताच पाणबेडूक आला आहे, अशा कुटुंबांसाठी आहे. ज्या गावांत नळाला रोज पाणी येते तिथल्या लोकांनी ती वाचायला हरकत नाही. पण या विषयात त्यांना गती येईलसे वाटत नाही.

आधी ओळख पटवून घ्यावी, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. मत्स्यालयाच्या दुकानात दोन जातींचे पाणबेडूक मिळतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत असेपर्यंत दोन्ही सारखेच दिसतात, अंगठ्याच्या पेराएवढे. एक बुटका बेडूक. तो जन्मभर साधारण तेवढाच राहतो. दुसरा आफ्रिकन नखबेडूक, झेनोपस लेव्हिस. तो राहत नाही. पुढच्या पायांच्या बोटांत पडदा असेल तर बुटका, बोटे सुटी असतील तर नखबेडूक. ही माहिती खरेदीच्या आधी वाचायची असते. मी नंतर वाचली. दुकानदार म्हणाला, "डार्फ हाय मालक, एवढंच राहतंय." मी लेकीकडे बघितले, लेकीने पिशवीकडे बघितले आणि दीडशे रुपये गेले. पुढे ते पोर तळहाताएवढे झाले आणि टाकीतले सात गप्पी मासे एकेक करून बेपत्ता झाले. तक्रार घेऊन गेलो तर दुकानदाराला आनंदच झाला. "अंगाला लागलालंय की मालक!"

घरात बेडकाचे नाव 'मालक' पडले ते त्यावरून. स्वतः काडीचे काम न करता सगळ्या घराला कामाला लावणाऱ्याला आमच्याकडे दुसरे नाव नाही.

मालकांना जीभ नाही, पापण्या नाहीत, बाहेरून दिसणारा कान नाही. मागच्या पायांच्या तीन-तीन बोटांना नखे आहेत. डोळे डोक्याच्या माथ्यावर, कायम वर लागलेले, मृग कोरडा गेल्यावर आमच्या जिल्ह्यातल्या माणसाचे लागतात तसे. अंगाच्या दोन्ही बाजूंनी बारीक पांढरे टाके घातलेले दिसतात. पहिल्या दिवशी मला वाटले, फाटला होता म्हणून कुणी शिवून विकला की काय. आमच्या गावात टाक्यावरून माल ओळखणारे पुष्कळ आहेत, शेजारच्या अक्कांनी काचेला नाक लावून निकाल दिला, "हातशिलाई आहे." ते टाके म्हणजे त्याचे कान समजा. पाण्यातली जरा हालचाल झाली तरी ती त्याला या टाक्यांतून कळते. त्यामुळे टाकी फ्रिजला किंवा पाण्याच्या मोटरला चिकटून ठेवू नये. पूर्व भागात, जिथे भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात, तिथे काय करावे याबद्दल परदेशी तज्ज्ञ गप्प आहेत. माग बंद पडले तर माणसे काळजीत पडतात, चालू राहिले तर बेडूक. ज्याने त्याने ठरवावे.

आता पाणी.

सोलापूरला पाणी येते ते भीमेवरच्या उजनी धरणातून, सुमारे शंभर किलोमीटर लांबून, आणि आमच्या गल्लीत येते ते चार-पाच दिवसांआड. आता जगभरचे सगळे जाणकार एकमुखाने सांगतात की नळाच्या पाण्यातला क्लोरीन बेडकाच्या कातडीला बाधतो, म्हणून पाणी निदान 24 तास उघड्या भांड्यात साठवून मगच वापरावे. हे वाचून मला आयुष्यात प्रथमच सोलापूरकर असल्याचा शास्त्रीय अभिमान वाटला. 24 तास? आमच्या पिंपातले पाणी चार दिवसांत इतके मुरते की क्लोरीन काय, त्याच्या आठवणीसुद्धा उडून जातात. बोअरचे पाणी जड असते म्हणून लोक नाके मुरडतात. या प्राण्याला जडसर पाणी मानवते. महापालिकेने आपल्या पाणीपुरवठ्याची जाहिरात या अंगाने कधी केली नाही, हे नवल.

एक खबरदारी मात्र खरीच घ्यायची. डेंगीच्या दिवसांत आरोग्य खात्याची माणसे घरोघर पिंपे तपासतात आणि अळ्या मरण्यासाठी त्यात अबेट टाकतात. ते पाणी बेडकाला घालू नये. त्याच्यासाठी एक पिंप वेगळे, झाकलेले आणि खूण केलेले असावे. उरलेल्या पिंपांत अळ्या झाल्याच तर त्या गाळणीने काढून टाकीत सोडाव्यात. मालक त्या क्षणात संपवतात. हे मी तपासायला आलेल्या ताईंना प्रात्यक्षिकासह दाखवले. त्यांनी वहीत काय लिहिले ते दाखवले नाही, पण दारावर खडूने तारीख घातली आणि लगबगीने पुढच्या घरी गेल्या.

आमच्या टाकीची एकूण साठवण क्षमता 60 लिटर आहे. उजनीची 117 टीएमसी आहे आणि त्यातले 63 टीएमसी मृतसाठा, म्हणून उन्हाळ्यात धरण 'मायनस'मध्ये गेल्याच्या बातम्या येतात. आमच्याकडेही तीच परिभाषा लागू केली आहे. मालकांच्या पाठीला पाणी लागेल इतकी पातळी म्हणजे मृतसाठा, त्याच्या वरचा तो उपयुक्त. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलायचे, म्हणजे 15 लिटर, म्हणजे एक बादली. या एका बादलीवरून आमच्या घरात जो वाद पेटतो त्यापुढे इंदापूर आणि सोलापूरचा उजनीवाद किरकोळ आहे. एका बाजूला धुणे, दुसऱ्या बाजूला बेडूक. तोडगा असा निघाला की टाकीतून काढलेले पाणी कुंड्यांना जाईल. त्यात बेडकाच्या विष्ठेपासून झालेले नायट्रेट असते, म्हणजे फुकटचे खत. आमचा कढीपत्ता आता गॅलरीबाहेर डोकावू लागला आहे आणि अक्का रोज सकाळी दोन डहाळ्या हक्काने नेतात. तुळशीला हे पाणी घालायला आईने मनाई केली आहे.

टाकी नवी असेल तर तीत एकदम बेडूक सोडू नये. विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. त्याचे नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. याला टाकीची वास्तुशांत म्हणावे. दीड महिना चालते, भटजी डोळ्यांना दिसत नाहीत आणि यजमानाला धीर निघत नाही. तळाला बारीक खडे घालू नयेत, कारण घास म्हणून तो खडाही गिळतो. घालायचेच तर त्याच्या डोक्याहून मोठे, गुळगुळीत गोटे.

पाण्याचे तापमान 16 ते 24 अंश असावे, असे सगळीकडे छापलेले असते.

हे वाक्य सोलापुरात एप्रिल महिन्यात मोठ्याने वाचून पाहावे. बाहेर 42, गच्चीवरच्या टाकीतले पाणी चहाला चालेल असे, आणि पुस्तकात 24. हा बेडूक दक्षिण आफ्रिकेच्या बेताच्या गार तळ्यांतला. पाणी तिशीच्या पुढे गेले की तो खाणे सोडतो, निपचित पडतो आणि दुखण्याला बळी पडतो. सुदैवाने आमची हवा कोरडी आहे, आणि कोरड्या हवेत ओले कापड जेवढे काम करते तेवढे दुसरे काही करत नाही. तेव्हा भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सोलापुरी चादर घ्यावी, भिजवून पिळावी आणि टाकीला तीन बाजूंनी लपेटावी. चौथी बाजू मालकांना बाहेर बघायला मोकळी ठेवावी. टेरी टॉवेल जास्त पाणी धरतो, पण चादरीला वजन आहे आणि पाहुण्यांसमोर बरी दिसते. वर कूलरचा झोत. एक लिटरच्या बाटलीत पाणी गोठवून ती बंदच टाकीत तरंगत सोडावी. बर्फ थेट टाकू नये, पाणी एकदम गार झालेलेही त्याला सोसत नाही. वीज गेली की कूलर गेला, मग पुठ्ठ्याने वारा घालावा. गेल्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता मी बनियनवर बसून बेडकाला वारा घालत असताना साडूभाऊ आले. ते पाणीसुद्धा न घेता परत गेले.

आहाराबाबत थोडक्यात. हा पक्का मांसाहारी आहे. गांडूळ, गोठवलेल्या रक्तअळ्या किंवा बुडणाऱ्या गोळ्या. मोठ्या बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. जीभ नसल्यामुळे तो दोन्ही हातांनी घास तोंडात कोंबतो, लग्नाच्या पंगतीत शेवटची बस गाठायची असलेल्या पाहुण्यासारखा. शेंगाची चटणी, कडक भाकरी, हुग्गी यांपैकी काहीही देऊ नये, तो कितीही आशेने बघत असला तरी. तो वरच बघत असतो हे आधी सांगितले आहेच. श्रावणात आईने गांडुळांना हरकत घेतली, तेव्हा महिनाभर गोळ्यांवर भागवले. "गोळ्या कशाच्या असतात रे?" असे आईने दोनदा विचारले. मी दोन्ही वेळा फोन घेतला.

मधूनच तो अंग आक्रसतो, पाय झाडतो आणि अंगावरची जुनी कातडी पारदर्शक झबल्यासारखी डोक्यावरून ओढून काढतो. मग ती खातो. हे बघून घाबरू नये आणि जेवताना बघू नये.

उगाच हातात घेऊ नये. घ्यावाच लागला तर साबण नसलेल्या ओल्या हाताने घ्यावा, आणि नंतर मात्र आपले हात साबणाने धुवावेत. त्या बुळबुळीत कातडीचा मान वेगळा आहे. मायकेल झासलॉफ या अमेरिकन संशोधकाला प्रश्न पडला की शस्त्रक्रिया करून पुन्हा गढूळ पाण्यात सोडलेल्या या बेडकांच्या जखमा चिघळत कशा नाहीत. 1987 मध्ये त्याला कातडीतच जंतू मारणारी द्रव्ये सापडली. त्याआधीची हकिगत आणखी मोठी. 1930 साली, इकडे सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला त्याच वर्षी, तिकडे केप टाऊनमध्ये लान्सलॉट हॉगबेन या बेडकांना बैलाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचत होता आणि माद्या अंडी घालत होत्या. त्यातून पुढे गर्भचाचणी निघाली. बाईची लघवी बेडकीला टोचायची. अर्ध्या दिवसात तिने अंडी घातली तर बाईला दिवस गेलेले. 1960 च्या दशकापर्यंत जगातल्या कितीतरी घरांत गोड बातमी अशी बेडकीकडून आली. हे मी घरात सांगितले तेव्हा आईने पहिल्यांदा टाकीकडे आदराने पाहिले. "म्हणजे सुईणच की," ती म्हणाली. तोवर मांड्यांमधल्या पापुद्र्यांवरून मालक ही मादी असल्याचे लेकीने शोधून काढले होतेच. नाव बदलले नाही. कागदपत्रे एकदा झाली की बदलत नाहीत.

आईचा दुसरा प्रश्न धोंडीचा. तिच्या लहानपणी पाऊस ओढ देई तेव्हा कडुनिंबाचा पाला बांधून, मुसळाला बेडूक टांगून पोरे दारोदार धोंडी मागत. घरात आयता बेडूक असताना यंदा पाऊस का मागू नये, असे तिचे म्हणणे. मी सांगितले की हा परदेशी आहे, त्याचा अर्ज इथल्या देवाकडे चालायचा नाही. शिवाय त्याच्या मुलखात तळे आटले की तो पाऊस मागत नाही. चिखलात स्वतःला गाडून घेतो आणि महिनेच्या महिने उपाशी पडून राहतो. "मग तो आपल्याकडचाच," आई म्हणाली.

झाकण. टाकीला झाकण हवे, त्यावर वजन हवे, आणि ते वजन पाणी भरण्याच्या गडबडीत कुणी उचलू नये. आमच्याकडे पहाटे तीनला पाणी येते. त्या वेळी घरात जी धावपळ असते तीत मी झाकण काढून बादली ओतली आणि पाइप सांभाळायला पळालो. चारला पाणी गेले. टाकीत मालक नव्हते. कॉटखाली, चपलांत, चादरींच्या घडीत शोधले. इतक्यात शेजारून अक्कांची आरोळी आली, "कप्प! कप्प!" तेलुगूत बेडकाला कप्प म्हणतात, कन्नडमध्ये कप्पे, आणि आमच्या मजल्यावर दोन्ही कळणारी माणसे असल्यामुळे दोन मिनिटांत सगळा मजला जमला. मालक त्यांच्या मोरीत, नुकत्याच भरलेल्या घागरीच्या आडोशाला, अंगभर केर आणि कापसाचे तंतू लावून बसले होते. कातडी सुकत चाललेली. ओल्या फडक्यात गुंडाळून आणले. अक्कांनी ती घागर ओतून दिली आणि चार दिवस पिण्याचे पाणी आमच्याकडून नेले.

शेवटची सूचना विनोदाची नाही. कंटाळा आला म्हणून हा बेडूक सिद्धेश्वर तलावात, कंबर तलावात, हिप्परग्याला किंवा कुठल्याही विहिरीत सोडू नका. चिली, फ्रान्स, पोर्तुगाल इथे सुटलेल्या नखबेडकांनी तळी बळकावली आहेत आणि तिथले बेडूक, मासे, किडे खाल्ले आहेत. त्याच्या अंगावरून येणाऱ्या कायट्रिड बुरशीने तो स्वतः सहसा मरत नाही, दुसरे मरतात. आणि पावसाळ्यात आपल्या शेतात ओरडणारा पिवळाधमक बेडूक किडे खाऊन पीक राखतो म्हणूनच त्याच्या तंगड्यांची निर्यात 1987 मध्ये बंद केली होती. त्याला डबक्यातून उचलून घरी आणू नका, आणि याला घरातून उचलून डबक्यात टाकू नका.

नीट ठेवला तर हा 15 वर्षे सहज जगतो, जास्तही. आमची लेक आता नऊ वर्षांची आहे. पिशवी हातात घेण्यापूर्वी आपापल्या घरातला हिशेब करावा. काही शंका असल्यास विचाराव्यात, फक्त उद्या पहाटे तीन ते चार सोडून. उद्या पाणी आहे.