आमचे साहेब नक्की कोणाचे?

"नाना, ऐकलंत का? तात्यांचा पुतण्या उभा राहतोय म्हणे. तोही अपक्ष!"

"कोण, सोमाटणे फाट्यावर जुन्या गाड्या घेतो-विकतो तो?" नानांनी आकडीने शेवग्याची फांदी खाली ओढली. "कोणाचा माणूस आहे?"

आता अपक्ष म्हटल्यावर कोणाचा कसा असेल? पण शिरगावात हा प्रश्न पहिला येतो, नाव-गाव मागाहून. आणि नानांचं खोटं तरी कसं म्हणावं! गेल्या काही निवडणुकांत आमच्या आजूबाजूला अपक्षांचं पीक इंद्रायणी तांदळासारखं तरारलंय. 2009 ला चिंचवडमधून लक्ष्मण जगताप अपक्ष निवडून आले, भोसरीतून विलास लांडे अपक्ष. 2014 ला भोसरीतच महेश लांडगे अपक्ष. जगताप आणि लांडगे पुढे कमळावर निवडून आले, म्हणजे अपक्ष हा मधला थांबा झाला. 2024 ला तर आमच्या मावळातच बापू भेगडे अपक्ष उभे राहिले, मागे भाजपची स्थानिक मंडळी आणि महाविकास आघाडीही. एवढे सगळे एका बाजूला असूनही समोरचे सुनील शेळके लाखावर मतांनी आले. त्या निकालाच्या दिवशी आमच्या कट्ट्यावर दुपारपर्यंत कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

"गाड्यांच्या धंद्यातला अपक्ष म्हणाल ना ताई," नाना म्हणाले, "तर मी एकच बघितला. आमचे साहेब."

झालं. काकूंनी आतूनच आवाज दिला, "लावली का टेप?" नानांची उभी नोकरी आकुर्डीला बजाजमध्ये झाली. बेगडेवाडीला लोकल धरायची नि आकुर्डीला उतरायचं. साहेब म्हणजे राहुल बजाज. ह्या विषयावर नाना सुरू झाले की कुकरच्या शिट्ट्या मोजायला मलाच घरात जावं लागतं. पण त्या दिवशी गुरुवार होता, प्रतिशिर्डीच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, बाहेर जाण्यात अर्थ नव्हता. मी कुंपणाशी टेकले.

"बजाज आणि अपक्ष? ते तर काँग्रेसचं घराणं ना?" मी मुद्दाम काडी टाकली.

"तीच तर गंमत आहे."

खरंच आहे. आजोबा जमनालाल बजाज, वर्ध्याचे. गांधीजी त्यांना आपला पाचवा मुलगा मानत. रायबहादूर किताब परत केला, काँग्रेसचे खजिनदार झाले, सेवाग्रामची जमीन त्यांचीच. वडील कमलनयन 1957 पासून 1971 पर्यंत वर्ध्याचे खासदार. राहुल हे नावसुद्धा नेहरूंनी ठेवलेलं, 1938 सालचं. इंदिराबाईंनी म्हणे ते नाव आपल्या मुलासाठी मनात धरलं होतं आणि ते दुसऱ्याला दिल्याबद्दल त्या वडिलांवर रुसल्या होत्या. हा किस्सा बजाज स्वतःच रंगवून सांगत. पुढचं तर तुम्हीच बघा: ह्या राहुलने थोरल्याचं नाव ठेवलं राजीव, आणि इंदिराबाईंच्या राजीवने आपल्या मुलाचं ठेवलं राहुल. आता हे ठरवून की योगायोग, ते त्या दोन घरांना माहीत. कुंपणावर बोलायला मात्र फर्स्टक्लास विषय.

"बायको मराठी केली, ते सांगा ना," काकू सूप घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. त्यांना बजाजांच्या चरित्रात एवढाच भाग पसंत आहे. 1961 साली मारवाडी उद्योगपतीच्या घरात घोलपांची रूपा सून म्हणून आली, तीही प्रेमविवाह करून. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. आणि लग्नानंतर मुंबईत न राहता ही जोडी आकुर्डीत कारखान्याच्या आवारातच राहायला आली. आजचं आकुर्डी डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हा तिकडे माळरान होतं.

"आमचा मालक कारखान्यात राहायचा, ताई. भोंगा आम्हाला ऐकू यायचा तसा त्यांनाही."

मग नानांनी धंद्याचा इतिहास घेतला. 1945 ला बच्छराज ट्रेडिंग म्हणून सुरुवात, परदेशातून दुचाकी-तीनचाकी आणून विकायच्या. 1959 ला बनवायचा परवाना मिळाला, इटलीच्या पियाजिओशी करार झाला, व्हेस्पा आली. 1968 ला राहुल बजाज कारभार बघायला लागले. हार्वर्डहून शिकून आलेले, वय तीस. त्याच सुमारास भागीदार फिरोदियांशी वाटण्या झाल्या, टेम्पो त्यांच्याकडे, स्कूटर यांच्याकडे. इटलीचा करार संपला आणि 1972 ला स्वतःची चेतक आली.

चेतकचं नाव निघालं की नाना आकडी खाली ठेवतात. "इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे गाडी जरा कलती चालायची. सकाळी नाही झाली सुरू तर काय करायचं? पुढचं हँडल धरायचं, गाडी एका अंगाला पार जमिनीकडे झुकवायची, तशीच दोन मिनिटं धरायची, मग उभी करून किक. लागलीच पाहिजे!" हे सांगताना त्यांनी कुंपणाचा बांबूच कलता केला. माझी तोंडलीची वेल त्यावर चढलेली होती, तिच्याकडे कोण बघतो!

त्या स्कूटरसाठी लोक दहा-दहा वर्षं नंबर लावून बसत. मुलीच्या लग्नाची बोलणी आणि स्कूटरचं बुकिंग बरोबरीने चालायचं. कारखान्यात बनवायची ताकद होती, पण किती बनवायच्या ते दिल्लीत ठरायचं, परवान्याच्या आकड्यात. परवान्यापेक्षा जास्त माल बनवला तर मालकाला शिक्षा! देशाला हवी ती वस्तू जास्त बनवली म्हणून तुरुंगात टाकणार असाल तर जाईन, असं बजाज म्हणायचे. काँग्रेसच्या खजिनदाराचा नातू काँग्रेसच्या सरकारला हे सुनवत होता. नानांच्या मते साहेब अपक्ष झाले ते तेव्हाच, 2006 ला फक्त अर्ज भरला.

मला हे सगळं मान्य नाही, आणि ते मी नानांना सांगितलं. परवाना राज्याचा जाच होताच, पण त्याच राज्याच्या भिंतीआड ह्या मंडळींना गिऱ्हाईक घरबसल्या मिळत होतं. बाजार खुला व्हायला लागल्यावर 1993 ला 'बॉम्बे क्लब' म्हणून जे उद्योगपती एकत्र आले, त्यांत बजाज पुढे होते. परदेशी कंपन्यांशी लढायला लावता तर मैदान सपाट करून द्या, असं त्यांचं म्हणणं.

"बरोबरच होतं!"

"दहा वर्षं रांगेत उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला विचारा बरोबर होतं का."

नानांनी दोन शेंगा माझ्या अंगणात टाकल्या. हा आमच्याकडे विषय बदलण्याचा मार्ग.

आता मूळ गोष्ट, 2006 ची. मे महिन्यात प्रमोद महाजन गेले आणि राज्यसभेची महाराष्ट्रातली एक जागा रिकामी झाली. ही जागा जनतेच्या मताने नाही, विधानसभेच्या आमदारांच्या मताने भरायची. आमदार 288, एकच जागा, म्हणजे निम्म्याहून एक जास्त मत लागतं. नानांनी शेंगांचेच ढीग केले. 2004 च्या निकालात सेनेचे 62, भाजपचे 54. दोन्ही मिळून 116. काँग्रेस 69, राष्ट्रवादी 71.

"आता सांगा, 116 वर निवडून येतं का कोणी?"

नाही येत. काँग्रेसने नागपूरचे अविनाश पांडे उभे केले. राहुल बजाज उभे राहिले अपक्ष. त्यांच्या मागे भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी! राष्ट्रवादी त्या वेळी मंत्रालयात काँग्रेसच्या मांडीला मांडी लावून सत्तेत बसलेली. दिवसा एका बाकावर, मतदानाला दुसऱ्या. आणि हे काही चोरून नव्हतं. 2003 पासून राज्यसभेचं मतदान उघड आहे, पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकायची. म्हणजे जे झालं ते दाखवून झालं. बजाज आले, काँग्रेस पडली. जमनालालजींचा नातू काँग्रेसच्या उमेदवाराला पाडून दिल्लीला गेला.

"मग हा अपक्ष कसला?" मी म्हटलं. "तीन पक्षांच्या खांद्यावर बसून गेला की."

"तीन पक्षांच्या खांद्यावर बसला ना? मग एकाचा तरी झाला का? एकाचा असता तर बाकीच्या दोघांनी मतं दिली असती का?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकूंकडे होतं. "सगळ्यांचं असणं सोपं पडतं हो, खिशात कारखाना असला की."

मला वाटतं काकू बोलल्या ते ह्या सगळ्या चर्चेतलं सगळ्यात खरं वाक्य. पैसेवाला अपक्ष राज्यसभेत जातो हे तेव्हा नवं नव्हतं. अनिल अंबानी 2004 ला उत्तर प्रदेशातून समाजवादी पक्षाच्या पाठिंब्यावर अपक्ष गेले आणि 2006 ला राजीनामा देऊन मोकळे झाले. विजय मल्ल्या कर्नाटकातून दोनदा गेले. त्या यादीत बजाजांना बसवलं की नानांना राग येतो. मी बसवते, पण थोडं वेगळं, शेवटच्या खुर्चीवर. कारण पुढे येतंय.

अपक्षांवरून आठवलं, काकूंचा भाचा डब्लिनला असतो. त्याच्या सांगण्यावरून आयर्लंडात अपक्षांची चलती आहे, तिथल्या संसदेत दर खेपेला अपक्षांचा घोळका असतोच. तिकडे मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतो, त्यामुळे आपल्या पक्षाला पहिलं मत देऊन गावातल्या ओळखीच्याला दुसरं देता येतं. आपल्या राज्यसभेतही पसंतीक्रमाचंच मतदान आहे, फक्त मतदार आमदार! तिकडचा अपक्ष गल्लीतून वर जातो, आपल्याकडचा विधान भवनाच्या जिन्यावरून. आणि आणखी एक: आपल्याकडे अपक्ष म्हणून निवडून आल्यावर कुठल्या पक्षात उघड सामील झालात तर पक्षांतराच्या कायद्याने खासदारकी जाते. पाठिंबा कितीही द्या, आत शिरू नका. म्हणून मंडळी मुदत संपेपर्यंत उंबऱ्यावर उभी राहतात.

बजाजांची मुदत 2010 ला संपली. त्या चार वर्षांत घरातही उलथापालथ झाली. 2007 ला आकुर्डीचं उत्पादन थांबलं, 2009 च्या अखेरीस राजीव बजाजांनी स्कूटर बंद करून फक्त मोटारसायकलींवर भर द्यायचं जाहीर केलं. वडिलांना ते रुचलं नाही आणि त्यांनी ते लपवलंही नाही. म्हणजे मुलाच्या कंपनीतही विरोधी बाकावर!

"बरं, राज्यसभेत काय बोलले साहेब?" काकूंनी विचारलं.

नाना थांबले. मीही आठवून पाहिलं. आम्हा दोघांनाही एक भाषण सांगता येईना. पण 30 नोव्हेंबर 2019 ची मुंबईतली संध्याकाळ दोघांनाही पाठ. इकॉनॉमिक टाइम्सच्या पुरस्कारांचा कार्यक्रम, व्यासपीठावर अमित शहा, निर्मला सीतारामन, पीयूष गोयल. आणि 81 वर्षांचे बजाज उभे राहून म्हणाले की आमच्यातलं कोणी बोलणार नाही, पण मी बोलतो: आधीच्या सरकारच्या काळात आम्ही कोणावरही टीका करू शकत होतो, तुम्ही काम चांगलं करता, तरी उघड टीका तुम्हाला चालेल असा विश्वास वाटत नाही. सभागृहात हातात ग्लास धरून बसलेल्या किती जणांनी त्या क्षणी खाली पाहिलं असेल! शहांनी उत्तर दिलं की घाबरण्याचं कारण नाही, पण तसं वातावरण असेल तर ते सुधारायला हवं. बजाजांकडे तेव्हा ना खासदारकी होती ना कुठला पाठिंबा. चार वर्षांच्या खासदारकीत जे जमलं नाही, ते त्या दोन-चार मिनिटांत झालं. म्हणून मी त्यांना मल्ल्यांच्या रांगेत ठेवूनही शेवटची खुर्ची देते. नाना म्हणाले, "खुर्ची राहू द्या, ताई. त्यांना तशीही लागत नव्हती."

12 फेब्रुवारी 2022 ला ते पुण्यात गेले. अंत्यसंस्कार राज्य सरकारने शासकीय इतमामात केले. त्या वेळी सरकार तीन पक्षांचं होतं: शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस. दोघांनी 2006 ला मत दिलं होतं, तिसऱ्याचा उमेदवार त्यांनी पाडला होता.