सोळा चिपवाली

नागपूरच्या बेसात कॉम्प्युटर सुरू होईनासा झाला की पहिली चौकशी लाइटची आणि दुसरी खोडरबरची. लाइट असेल तर कॅबिनेटचं झाकण उघडायचं, रॅमची पट्टी उपसायची, तिच्या सोनेरी कडेवर रबर घासायचा, फुंकर मारायची आणि 'टक' होईपर्यंत पुन्हा दाबून बसवायची. पुष्कळदा कॉम्प्युटर सुरूही होतो. इथे रोज नवं लेआउट पडतं, धुळीला तोटा नाही; त्यात मे महिन्यात कूलर खोलीभर ओल सोडतो. पट्टी काढून घातली की बिघडलेला संपर्क जुळतो. श्रेय रबराला.

माझं म्हणणं एवढंच की आरोपी दरवेळी रॅमच का? कारण ती निघते! कडेच्या कळा दाबल्या की पट्टी हातात. मदरबोर्ड काढायचा तर आधी केबलींचं जंजाळ सोडवा, मग स्क्रू, त्यातला एक हमखास पलंगाखाली जाणार. घरातही हाताशी सापडतो त्यालाच बोलणी बसतात.

बोर्ड तरी कुठे धुतल्या तांदळाचे! 2000 नंतरच्या काही वर्षांत जगभर असंख्य बोर्डांवरचे कपॅसिटर आतल्या सदोष द्रावणामुळे अकाली गेले. सपाट असायला हवं ते डोकं फुगायचं, कडेने तपकिरी चिकट रस पाझरायचा. अशा कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. 2013 च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. कॅबिनेटच्या आत तर त्याहून जास्तच. इथला बोर्ड रुसला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

शेजारच्या काकांचं दुखणं मात्र वेगळं निघालं. बोर्ड जुना, जी 41 चिपसेटचा. त्यांनी डीडीआर 3 ची 4 जीबीची कोरी पट्टी आणली. खाच जुळली, पट्टी बसली, पण स्क्रीन काळा आणि आतून लांबलचक शिट्ट्या. दुरुस्तीवाल्या पोराने पट्टी उलटीसुलटी करून काळे चौकोन मोजले.

"काका, रॅम चांगली आहे. तुमचा बोर्डच घेऊन नाही राहिला. याले सोळा चिपवाली लागते, ही आठची आहे."

"पण 4 जीबी म्हणजे 4 जीबीच ना?"

"बाहेरून."

पोरगं बरोबर होतं. तेवढीच साठवण आठ चिपांत कोंबली की प्रत्येक चिप दुप्पट दाट होते, आणि त्या चिपसेटला एवढी दाट चिप ओळखताच येत नाही. खाच जुळल्याने पट्टी चुकीच्या पिढीची नाही एवढंच कळतं. पुढचं बोर्डाच्या मर्जीवर. कंपन्या कोणत्या बोर्डावर कोणत्या पट्ट्या तपासल्या त्याची यादी देतात म्हणे. ती वाचून रॅम घेणारा गिऱ्हाईक मी तरी पाहिला नाही. हल्ली तर रॅमला रंगीत दिवे असतात, चौकशी त्यांचीच.

काका इरेला पेटले. "मंग बोर्डच बदलून टाक ना बे!"

"बदलतो. पण नव्या बोर्डाले हा प्रोसेसर नाही चालत. आन् डीडीआर 3 तर बसतच नाही, आता चार नाही तं पाच."

"म्हणजे राहिलं काय?"

"कॅबिनेट आहे ना," पोरगं झाकणावरची धूळ पुसत म्हणालं, "त्याचे पैसे वाचले तुमचे."