कुर्ल्याच्या फियाटीस तुरीनचे कापड

तीर्थरूप आप्पा व तीर्थरूप आई, मुक्काम फतेगंज, वडोदरा, यांचे सेवेशी तुरीन येथील कुटुंबाची विनंती विशेष. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात भरलेला जुन्या मोटारींचा मेळा पाहिल्यापासून गॅरेजातील ‘फियाट ११०० डिलाइट’ कंपनीतून निघाली तशी करण्याचा आप्पांचा निश्चय झाला असून, मुलगा व सून फियाटच्या माहेरीच नांदत असल्याने अस्सल माल तिथूनच यावा, अशी त्यांची आज्ञा आहे. अस्सल माल म्हणजे गाडी कारखान्याबाहेर पडली तेव्हा तिच्यावर होते तेच, किंवा त्याच धाग्याचे, विणीचे व रंगाचे सामान. या व्याख्येत टर्किश टॉवेलचे सीट कव्हर आणि मागच्या काचेपाशी मान डोलावणारा कुत्रा बसत नाहीत, हे आप्पांनी धीराने घ्यावे.

आज्ञेनुसार शोध झाला. १८९९ साली फियाट कंपनी याच शहरात स्थापन झाली आणि १९२३ साली सुरू झालेल्या लिंगोत्तो कारखान्याच्या गच्चीवर गाड्यांच्या चाचणीचा रस्ता आहे, जो पाहून चिरंजीवांनी फतेगंजच्या गच्चीवर स्कूटर का चढवू दिली नाही, अशी जुनी तक्रार उकरून काढली. जुन्या नमुन्याबरहुकूम आसनाचे कापड विणून देणारे कारागीर इटलीत आहेत. त्यांचा दर ऐकून सूनबाईंनी त्यात गाडीही मिळते काय, अशी पृच्छा केली.

तथापि खरी अडचण दराची नसून वंशावळीची आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी बनली. सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांना १९५३ नंतरच्या सरकारी धोरणाने थारा उरला नाही, फोर्ड व जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला, आणि जे उरले त्यांना एकेक भाग देशातच करवून घ्यावा लागला. त्यामुळे १९६४ पासून निघालेल्या ‘डिलाइट’वर तुरीनचे उंची कापड चढवल्यास गाडी देखणी होईल, पण ती अस्सल न होता इटालियन गाडीची नक्कल होईल. आप्पांना हे मानवणार नाही, कारण आयात मालावरील त्यांची श्रद्धा १९६० च्या दशकापासून अढळ आहे.

तेव्हा नमुना गाडीतच शोधावा. उन्हाने विटलेला रंग प्रमाण मानू नये. आसनाचे आच्छादन मूळ असल्यास तळाशी जिथे कापड दुमडून ठोकलेले असते तिथे, आणि ते बदललेले असल्यास दाराच्या आतील पॅडच्या मागे, मूळ रंग शाबूत असतो. रेक्झिन, म्हणजे सुती कापडावर लेप चढवून चामड्यासारखे केलेले आच्छादन, पूर्वी नायट्रोसेल्युलोजच्या लेपाचे असे व पुढे पीव्हीसीचे आले; म्हणून तुकड्याची पाठ, तिचे सूत व वीणही पाहावी. रंगाचीही परीक्षा करावी: डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस थिनरचा बोळा हलकेच फिरवावा, आणि रंग विरघळून बोळ्यावर उतरला तर तो सेल्युलोज लॅकर, म्हणजे द्रावक उडून गेल्यावर वाळणारा जुन्या पद्धतीचा रंग, असण्याचा संभव मोठा. गॅरेजवाले सुचवतात त्या नव्या पॉलियुरेथेन रंगाची चकाकी कुर्ल्यास कधीच साधली नव्हती, आणि आप्पांना ती आवडेल, हीच तिच्याविषयीची भीती आहे.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेली सनद याच तुरीनच्या नावाने ओळखली जाते. तिचा रोख असा की, जे मूळ टिकले आहे ते जपावे आणि नवे घालणे अगदी भाग पडेल तिथेच घालावे. जुनी वस्तू टाकून न देण्याच्या आईंच्या धोरणास, ज्याला आप्पा आजवर अडगळ म्हणत आले, यामुळे आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. १९८० च्या सुमारास आसने बदलली तेव्हा उतरलेल्या मूळ रेक्झिनची आईंनी हार्मोनियमसाठी गवसणी शिवून घेतली, असे सूनबाईंच्या स्मरणात आहे. ती फाडू नये, शिवण उसवून आतली दुमड पाहावी आणि तिथलाच तळहाताएवढा तुकडा पाठवावा; मात्र तो वडोदऱ्याच्या तेलकट लिल्या चिवड्याच्या पुडीत घालू नये, कारण तेल लागलेल्या नमुन्यावरून रंग जुळवता येत नाही. चिवडा स्वतंत्र पाठवण्यास हरकत नाही.