गळा सोडून सगळं

1 नोव्हेंबर 1996 ला मायकेल जॅक्सन मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात गायला. महाराष्ट्राला त्यातलं काय आठवतं? तो बाळासाहेब ठाकऱ्यांच्या घरी गेला होता आणि तिथला संडास त्यानं वापरला होता. आमच्या बीड जिल्ह्यात बारा हजारांच्या अनुदानासाठी संडासाच्या दारात उभं राहून फोटो काढावा लागतो. या गड्याची नोंद बिनफोटोची झाली, आणि अजून पुसली गेलेली नाही.

दुसरी आठवण त्या कार्यक्रमाच्या करमणूक कराची. सरकारनं माफी दिली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 2021 साली मंत्रिमंडळानं पुन्हा माफी दिली. माणूस 2009 मध्येच गेला होता. मेल्यावर बारा वर्षं कागद चालत राहिला. एवढं आयुष्य आमच्याकडं फक्त पीकविम्याच्या तक्रारीला असतं.

तिसरं, ‘काळ्याचा गोरा झाला’ हा विनोद. 1993 साली त्यानं ओप्रा विन्फ्रीला टीव्हीवर सांगितलं की हा कातडीचा आजार आहे. विनोद काही थांबला नाही. शवविच्छेदनात कोडच निघालं, तर ती बातमी मात्र आतल्या पानाच्या लायकीची! कोड म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोरीच्या मनगटावर पांढरा ठिपका उठला की घरात आधी लांब बाह्यांचं कापड येतं, मग डॉक्टर.

त्याच्यावरचे लहान मुलांबाबतचे आरोप गंभीर होते. 2005 साली तो निर्दोष सुटला, वाद पुढंही राहिला. ती वकिली मी करत नाही. मी बोलतोय गळ्याबद्दल.

त्याचा बाप पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा. अमेरिकेतल्या गॅरी गावी दोन बेडरूमच्या घरात नऊ लेकरं. त्यातलं हे अकराव्या वर्षी रेकॉर्डवर असं गायलं, की शब्द न कळणाऱ्या माझ्यासारख्याचाही पाय हलतो. काळ्या कलावंतांना जेमतेम जागा देणाऱ्या एमटीव्हीला 1983 साली ‘बिली जीन’ लावावंच लागलं. पुढच्या वर्षी एका रात्रीत आठ ग्रॅमी. हे मराठीत सविस्तर कुणी लिहिलंय का, म्हणून रद्दी चाळली. संडास सापडला.

त्याच 1996 साली आमच्या माजलगावच्या भीमनगरात बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या टेपवर घेतल्या गेल्या. त्याची बातमी माझ्या तरी वाचनात नाही. त्या बाया कुणाच्या बंगल्यावर गेल्या नव्हत्या ना.