प्रमाणित पोहरा

मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाला म्हणे हृदयाहून वेगळी, स्वतःची लय असते आणि पाच ग्रॅमांच्या हलक्या स्पर्शाने ती बोटांना कळते. या समजुतीवर उभी असलेली क्रेनिओसेक्रल थेरपी शिकवायला जॉन अपलेजर यांनी १९८५ साली फ्लोरिडात संस्था काढली. तिथे प्राथमिक वर्ग, प्रगत वर्ग, लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक असं सगळं साग्रसंगीत आहे; शेवटी नावापुढे लावायला अक्षरंही मिळतात. पंचाईत एवढीच, की १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही पद्धत जाणणाऱ्या तीन फिजिओथेरपिस्टांनी त्याच १२ जणांची लय स्वतंत्रपणे मोजली, तर एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळेना. मग प्रात्यक्षिकाचे गुण परीक्षक कोणत्या लयीला देतात?

यावर उत्तर येतं, की रुग्णांना बरं वाटतं. वाटतच असणार, तासभर निवांत पडून कुणी मायेनं डोकं धरलं तर कुणालाही वाटेल, पण त्याला पदविका कशाला? दुसरं उत्तर, प्रमाणपत्रानं भोंदूंना आळा बसतो. बसतो ना, बिगरप्रमाणित भोंदूंना! प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरा केल्याची ग्वाही देतं, अभ्यासाचा विषय अस्तित्वात असल्याची नव्हे. आडात पाणी आहे की नाही हे कुणी पाहिलेलं नाही, पोहऱ्यावर मात्र शिक्का आहे.