फटीतला स्वार

मोटारसायकलवरून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला निघालोय असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकतं. त्या चमकेसाठीच मी ही बुलेट घेतली, पंचावन्नाव्या वर्षी. हप्ते, विमा, कंबरेचा पट्टा हे सगळं त्या चमकेवरून ओवाळून टाकलेलं. गुडघ्यांना वाट्या, कोपरांना वाट्या, अंगात जाड काळं जाकीट आणि महिना मे. दापोलीच्या स्टँडसमोर कोकम सरबत पिताना एका पोराने आईला विचारलंसुद्धा, "काकांना किती लागलंय गं?" पण पोरांना काय कळतं!

दाभोळच्या उतारावर छाती आणखी फुगली, कारण मी वाचून आलो होतो. हे बंदर एकेकाळी घोड्यांचं. अरबस्तानातून जहाजं भरभरून घोडे इथे उतरायचे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी आपला घोडा जहाजात घालून चौलला आला आणि परत जाताना याच दाभोळहून बोटीत बसला. मधे साडेपाचशे वर्षं गेली आणि आता मी. निकितिनचा घोडा जुन्नरच्या अंमलदाराने काढून घेतला होता, तेवढा भाग मी मनातल्या मनात गाळला.

"ओ बुलेट! बाजूला! आधी फोरव्हीलर!"

शिट्टी तोंडात धरलेला, विशीतला, पायात स्लिपर. इतिहासाचं ओझं वाहणाऱ्या माणसाला कोणी असं 'बुलेट' म्हणून हाक मारत नाही. मी बाजूला झालो. मोटारी लागल्या, एक टेम्पो लागला, आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचलेली तीनचाकी लागली, आणि मग त्याने मला टेम्पो आणि तीनचाकी यांच्यामधली एक फट दाखवली. त्या फटीत मी घरची छत्रीही दुमडून ठेवली असती.

तशात ओहोटी. ओहोटीला बोट खाली जाते आणि धक्क्याचा उतार वाढतो. शिवाय भरतीला पाण्याखाली असलेला भाग उघडा पडतो, आणि त्यावर शेवाळ असतं. हे भूगोलात होतं. पुढचं चाक फाळक्यावर चढलं, मी पाय टेकला, आणि पाय टेकलाच नाही. जवळजवळ दोनशे किलोची गाडी पडत नाही, ती कलते. अगदी सावकाश, खानदानी थाटात. मी हाताला लागेल ती कळ दाबली, हॉर्नसकट. शेवटी तीनचाकीवाला धावला, एका मावशीने माशांची पाटी खाली ठेवून मागून हात लावला, आणि आम्हा दोघांना उभं केलं.

"गाडी मोठी घेतलीत," मावशी पाटी उचलताना म्हणाली, "पाय तेवढेच ऱ्हायले."

बोट सुटली. तीनचाकीवाल्याने फोन काढला आणि कोणाला तरी सांगितलं, "जंगल जेट्टीत हाय, येतोच." झालं! माझं डोकं तिथेच अडकलं.

गाड्या नेणाऱ्या या बोटीला कोकणात पुष्कळ जण जंगल जेट्टी म्हणतात. आता, तीत जंगल नाही आणि ती जेट्टीही नाही. जेट्टी म्हणजे धक्का. तो जागचा हलला तर दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. मग हे आलं कुठून? केरळात अशा बोटीला 'जंकार' म्हणतात. मल्याळममध्ये तराफा म्हणजे 'चंगाडम'. तो शब्द पोर्तुगीजांनी उचलला, त्याचा 'जंगाडा' केला आणि पार ब्राझीलच्या कोळ्यांच्या हाती दिला. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात आपल्या पूर्व किनाऱ्यावर ओंडके एकत्र बांधून केलेल्या मोठ्या होड्या येतात, त्यांचं नाव 'संगारा'. आणि आपल्याकडे? आपल्याकडे सांगड! दोन होड्या शेजारीशेजारी बांधायच्या, की झाली सांगड. पुढे वक्त्यांनी ती पाण्यातून काढून व्यासपीठावर नेली, आणि तेव्हापासून परंपरेची आधुनिकतेशी, शिक्षणाची उद्योगाशी, कवितेची शेतीशी सांगड घातली जातेय. पण त्यात एकाही वक्त्याचा पायजमा भिजलेला नाही. सांगायचं काय, तर जंकारचं जंगल झालं, आणि जंगल एकटं बरं दिसेना म्हणून पुढे जेट्टी लागली, असा माझा सिद्धांत आहे. त्याला पुरावा नाही. पण तो सुचला तेव्हा बोट खाडीच्या मध्यावर होती आणि वारा सुटला होता.

सिद्धांत मी तीनचाकीवाल्याला ऐकवला. दोघेही एकाच फटीत अडकलेले, त्यामुळे त्याने शेवटपर्यंत ऐकला.

"तुम्ही मास्तर काय?" त्याने विचारलं.

"मी नाही. वडील होते."

ते याच खाडीपलीकडे होते. घर दाभोळच्या बाजूला, शाळा गुहागर तालुक्यात. ही फेरीबोट २००३ साली सुरू झाली. तोवर ते निवृत्त होऊन बसले होते. त्यांच्या वेळी गाडीरस्त्याने जायचं तर चिपळूणवरून वळसा, नाहीतर होडीची तर. सोमवारी पहाटे ते सायकल होडीत चढवायचे. तरवाला म्हणायचा, मास्तर, आडवी घाला. ते घालायचे नाहीत. सायकल सोसायटीच्या कर्जाची होती, आणि होडीच्या तळाचं खारं पाणी साखळीला लागलं असतं. पैलतीर येईपर्यंत सीट धरून उभे. घरखर्चाच्या वहीत दोन ओळी वेगळ्या असत: 'तर, स्वतःची', 'तर, सायकलची'. पाऊस लागला आणि तर बंद झाली की पंधरापंधरा दिवस तिकडेच राहायचे. आल्यावर एवढंच म्हणायचे, पाणी होतं.

कॉलेजात असताना मित्रांसमोर त्यांच्या सायकलची घंटी ऐकू आली की मी वाण्याच्या दुकानात शिरायचो. दोनदा तरी काही न घेता तसाच बाहेर आलोय. आणि त्यांना पोहता येत नव्हतं, हे आईने मला सांगितलं ते त्यांच्या तेराव्याच्या रात्री, भांडी पुसता पुसता. मला तिचा राग आला होता. एवढी गोष्ट इतकी वर्षं सांगायची नाही म्हणजे काय? आता कळतं, सांगण्यासारखं काही आहे असं त्या दोघांनाही वाटलं नसणार. ते घाम न पुसता सरळ खाडी ओलांडायचे; मी फेसबुकवर टाकायला तीन फोटो काढून ठेवले होते.

"काका, सोडा आता," शिट्टीवाला म्हणाला. "स्टँडवर हाय ती. नाय पडत."

माझा डावा हात बुलेटच्या सीटवर घट्ट होता. कधीपासून, कोण जाणे.

धोपावे आलं. फाळका खाली पडला. मी ऐटीत बसलो, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मागे टेम्पोने हॉर्न दिला, मग मोटारींनी. मावशी पाटी डोक्यावर घेऊन आमच्यामधून तिरकी निघून गेली, आणि या वेळी काही बोललीसुद्धा नाही. मी पेट्रोल बघितलं, गिअर बघितला, आकाशाकडे बघितलं.

तीनचाकीवाल्याने बसल्या जागेवरून हात लांब केला आणि माझ्या उजव्या मुठीपाशी, मघाच्या पडापडीत मीच बंद केलेलं लाल बटण टक्कन वर केलं.

"हे," तो म्हणाला, "मास्तर."